ड्रिल पाईपचा जोड कसा लावावा: स्लिप, डोप आणि टाँग

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर समुद्रात 'सागर सम्राट' या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी तिथून उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून रिगवरची नोकरी हा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ओळखीचा व्यवसाय झाला आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून रिगमन म्हणून रुजू होणाऱ्या तरुणाला डेरिक (विहिरीवरचा उंच मनोरा), मड पंप आणि ब्लोआउट प्रिव्हेंटर यांचे आकर्षण आधी वाटते. पहिल्या पाळीत त्याच्या हातात मात्र येतात त्या पाईप धरून ठेवणाऱ्या स्लिप, आट्यांना लावायच्या वंगणाचा म्हणजे डोपचा ब्रश आणि जोड आवळणाऱ्या मोठ्या पान्याचा म्हणजे टाँगचा दांडा. ही साधी वाटणारी अवजारे नीट वापरता यावीत, एवढ्यासाठीच हा लेख आहे. त्यात फक्त एका कामाचा विचार केला आहे, तो म्हणजे एका ड्रिल पाईपला दुसरा पाईप जोडणे.

हे काम किती वेळा करावे लागते ते आधी पाहू. नेहमीच्या वापरातला ड्रिल पाईप साधारण ९.५ मीटर लांब असतो, म्हणजे ३,००० मीटर खोल विहिरीत ३०० हून अधिक पाईप एकाखाली एक जोडलेले असतात. तळाशी खडक फोडणारे बिट बदलण्यासाठी जोडलेल्या पाईपांची सगळी माळ बाहेर काढायची तर ती तीन-तीन पाईपांच्या स्टँडमध्ये काढतात. त्यामुळे एका फेरीत शंभरेक जोड उघडले जातात आणि माळ परत आत जाताना तेवढेच पुन्हा लावले जातात. त्यातला एक जरी कच्चा राहिला तरी सगळ्या माळेचा भरवसा संपतो.

जोड नेमका कुठे बंद होतो

पाईपच्या एका टोकाला बाहेरून आटे असलेली पिन असते आणि दुसऱ्या टोकाला आतून आटे असलेला बॉक्स असतो. पाच इंची पाईपवर सर्रास दिसणाऱ्या एनसी-५० जोडाचे आटे निमुळते असतात. त्यांचा व्यास दर फुटाला दोन इंच कमी होतो आणि इंचाला चार आटे बसतात. हे जाडजूड आटे पाहून बहुतेक नवख्यांची समजूत होते की जोडाची गळती आटेच रोखतात. ही समजूत चुकीची आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच जन्माला येतात. आट्यांमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते आणि पाईपमधला मड, म्हणजे विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव, दाबाखाली त्या फटीत शिरू शकतो. त्याला अडवते ती पिनेच्या मुळाशी असलेली सपाट गोल कडा, जी बॉक्सच्या तोंडावरच्या तशाच कडेला घट्ट भिडते. रिगवर तिला शोल्डर म्हणतात. आट्यांचे काम एवढेच की त्यांनी दोन्ही शोल्डर एकमेकांवर प्रचंड बळाने दाबून धरावेत. जोडाला टॉर्क म्हणजे पीळ देणे म्हणजेच हा दाब निर्माण करणे होय.

हा दाब कमी पडला तर काय होते ते मी जमिनीवरच्या एका रिगवर रात्रपाळीत पाहिले आहे. पंपाचा दाब चौरस इंचाला ३,००० पौंडांच्या आसपास होता आणि तासाभरात तो हळूहळू दोनशे पौंडांनी उतरला, पंपाचे स्ट्रोक मात्र तेवढेच होते. पंपात दोष सापडला नाही, म्हणून माळ बाहेर काढायला सुरुवात केली. बऱ्याच स्टँडनंतर एक जोड आला, त्याच्या शोल्डरवर करंगळी मावेल एवढी चर आरपार पडली होती आणि तिच्या मागचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. मडमध्ये वाळूचे बारीक कण असतात. शोल्डरमधून केसाएवढी वाट मिळाली तरी त्या दाबाचा झोत लोखंड कापत जातो, आणि तो वेळीच सापडला नाही तर जोड तुटून खालची माळ विहिरीत राहते. ती बाहेर काढायला मग ओव्हरशॉटसारखी पकडणारी अवजारे उतरवून दिवसेंदिवस फिशिंग, म्हणजे अडकलेली माळ बाहेर काढण्याचे काम, करावे लागते. त्या जोडाचा शोल्डर लावताना पुसला गेला नव्हता, एवढेच त्याचे कारण निघाले.

स्लिप बसवणे

जोड उघडताना किंवा लावताना खालच्या संपूर्ण माळेचे वजन रोटरी टेबलात, म्हणजे फ्लोअरच्या मध्यावर विहिरीच्या तोंडाशी असलेल्या फिरत्या टेबलात, धरून ठेवायचे असते आणि ते स्लिप धरतात. स्लिप म्हणजे बिजागरांनी जोडलेले पाचरीच्या आकाराचे तीन तुकडे. त्यांच्या आतल्या बाजूला डाय नावाच्या दातेरी पट्ट्या असतात, तर पाठ रोटरी टेबलात बसवलेल्या मास्टर बुशिंगच्या निमुळत्या पोकळीत टेकते. हा निमुळतेपणा व्यासावर फुटाला चार इंच असा ठरलेला आहे. पाईपचे वजन खाली ओढते, स्लिप पोकळीत आणखी रुततात आणि जितके वजन जास्त तितकी पकड घट्ट होते. याच गुणामुळे स्लिप पाईपला आवळतातही, आणि धरण्याची पद्धत चुकली तर पाईप तिथे चेमटतो.

म्हणून पहिला नियम असा की पाईप पूर्ण थांबल्याशिवाय स्लिप टाकू नये. घाईच्या पाळीत ड्रिलर पाईप खाली सोडत असतानाच रिगमन स्लिप ढकलतात आणि स्लिपनेच पाईप थांबवतात. त्यात पाच मिनिटे वाचल्यासारखी वाटतात, पण चालत्या माळेचा सगळा धक्का स्लिपमागच्या वीतभर पाईपवर येतो आणि तिथे पाईपची मान बारीक होते. ड्रिलरने आधी ब्रेक लावावा, बॉक्स रोटरी टेबलाच्या वर साधारण कमरेच्या उंचीवर आणावा, स्लिप बसल्यावर हळूच वजन सोडावे आणि मगच एलिव्हेटर, म्हणजे पाईप वरून लटकावून धरणारी पकड, उघडावा. बॉक्स याहून फार उंच ठेवला तर टाँगच्या ओढीने पाईप स्लिपच्या वर वाकू शकतो.

स्लिप उचलताना मुठी धरण्याची पद्धत ठरलेली आहे. तळहात वरच्या बाजूला असावेत, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून उचलावे आणि मुठीची बोटे बुशिंगच्या बाजूला जाऊ देऊ नयेत. दोघांनी किंवा तिघांनी मिळून एकाच वेळी उचलावे. बसलेली स्लिप पायाने ठोकून खाली सारण्याची सवय काही जणांना असते, ती मोडावी. पाईप वर जात असताना स्लिप त्याच्याबरोबर घासत राहू देऊ नये, कारण त्यात डाय बोथट होतात आणि स्लिप उसळून पायावर येण्याचा धोका असतो. स्लिपच्या पाठीला आणि बुशिंगच्या पोकळीला ग्रीस असावे, नाहीतर स्लिप अडकून बसतात आणि सोडवताना हिसके द्यावे लागतात. डायवर मात्र ग्रीसचा थेंबही नसावा. दात्यांत माती भरली असेल तर तारेच्या ब्रशने काढावी. डाय बदलायचे झाल्यास सगळा संच एकदम बदलावा, कारण जुन्यांमध्ये दोन-चार नवे बसवले तर उंच दाते एकटेच भार घेतात आणि पाईपला खोल खाचा पाडतात.

ड्रिल कॉलर, म्हणजे माळेच्या खालच्या भागातला जाड, जड पाईप, धरताना आणखी एक गोष्ट लागते. ड्रिल पाईपच्या टोकाला पिन किंवा बॉक्स असलेला जाड टूल जॉईंट असतो, त्यामुळे स्लिपमधून पाईप निसटला तरी अडकायला काहीतरी असते. कॉलर मात्र वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा असतो. म्हणून कॉलरच्या स्लिपच्या थोडे वर साखळीसारखा सेफ्टी क्लॅम्प आवळून बसवल्याशिवाय एलिव्हेटर सोडू नये. या बाबतीत कोणाचीही घाई ऐकू नये.

कागदाची चाचणी

स्लिप आणि बुशिंग झिजले आहेत की नाही हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी एक जुनी, स्वस्त आणि अतिशय विश्वासार्ह चाचणी आहे. मला ती एका वयस्क टॉपमनने (डेरिकच्या वरच्या भागात काम करणाऱ्याने) दाखवली. त्यानंतर नव्या रिगवर गेलो की पहिल्या आठवड्यात ती केल्याशिवाय मला चैन पडत नसे.

स्लिप, डाय आणि बुशिंगची पोकळी आधी स्वच्छ करावी. मड केमिकलच्या रिकाम्या पोत्याचा जाड दुपदरी कागद घेऊन पाईपच्या स्वच्छ भागावर, जिथे डाय टेकणार तिथे, सुरकुती न पडू देता गुंडाळावा. हुकवर किमान १,००,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५ टन वजन असताना नेहमीसारखी स्लिप बसवून वजन तिच्यावर सोडावे. मग पाईप जपून उचलावा, कागद फाटणार नाही अशा बेताने स्लिप बाजूला करावी आणि कागद उलगडून उजेडात धरावा. बाहेरच्या पदरावर स्लिप बसताना ओढले गेलेले खोटे ठसेही उमटतात, म्हणून निष्कर्ष आतल्या पदरावरून काढावा.

डायच्या दात्यांचे बारीक ठसे वरपासून खालपर्यंत आणि गोलाकार सगळीकडे सारखे दिसले, तर भार पूर्ण लांबीवर वाटला जात आहे आणि सगळे ठीक आहे. ठसे फक्त एका टोकाला गडद असले आणि दुसरे टोक कोरे राहिले, तर माळेचे सगळे वजन चार-सहा इंचांच्या पट्ट्यावर येत आहे आणि तिथे पाईप चेमटणार हे नक्की. अशा वेळी तीच चाचणी नवी स्लिप घेऊन पुन्हा करावी. नव्या स्लिपचे ठसे पूर्ण आले तर दोष जुन्या स्लिपमध्ये आहे आणि ती मोडीत काढावी. नव्या स्लिपचेही ठसे अर्धवट आले तर बुशिंग झिजले आहे. त्या बुशिंगमध्ये नवी स्लिप घालणे म्हणजे नवी स्लिपही वाकवून घेणे आहे, त्यामुळे बुशिंगच बदलायला सांगावे. चाचणीचा कागद तारखेसह जपून ठेवावा, म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी केल्यावर शेजारी ठेवून तुलना करता येते.

सफाई, पाहणी आणि डोप

पिन आणि बॉक्स दोन्ही सॉल्व्हंटने धुऊन कोरड्या चिंध्यांनी पुसावेत. ओलसर आट्यांवर डोप चिकटत नाही. पुसून झाल्यावर बोट शोल्डरवरून गोल फिरवावे. आतून बाहेरच्या बाजूला जाणारा ओरखडा नखाला लागला तर तो जोड बाजूला काढावा, कारण तीच उद्याची गळतीची वाट असते. शोल्डरच्या गोलाईबरोबर जाणारी हलकी रेघ तेवढी घातक नसते, तरी ती दाखवून ठेवावी. बारीक दोष शोल्डर घासून काढता येतो, पण एका वेळी १/३२ इंचापेक्षा आणि एकूण १/१६ इंचापेक्षा जास्त धातू काढू नये असा संकेत आहे. हे काम त्यासाठीच्या यंत्रानेच करावे. हातात कानस घेऊन शोल्डर सपाट करायला जाणारा माणूस जोड बिघडवत असतो. आट्यांचा धातू सोलून गोळा झाला असेल किंवा आट्यांची टोके चाकूसारखी धारदार झाली असतील, तरीही तो पाईप खाली पाठवू नये.

डोप म्हणजे धातूची पूड मिसळलेले ग्रीससारखे वंगण. ते आट्यांवर तर लावावेच, पण शोल्डरवरही संपूर्ण लावावे. नवखे लोक इथे हमखास चुकतात. डोपमुळे आवळताना धातू धातूवर घासून सोलत नाही आणि दिलेला टॉर्क शोल्डरवर योग्य दाब होऊन पोहोचतो. डबा आधी तळापासून ढवळून घ्यावा, कारण जड पूड खाली बसते आणि वरचे पातळ तेल लावले तर पूड लागतच नाही. ब्रश डब्यातून बाहेर काढून फ्लोअरवर ठेवू नये आणि झाकण उघडे टाकू नये, कारण डोपमध्ये गेलेला एक वाळूचा कण शोल्डरमध्ये चिरडला जाऊन ओरखडा पाडतो. डोपच्या डब्यावर घर्षण गुणांक छापलेला असतो. टॉर्कच्या तक्त्यातला आकडा त्या गुणांकाने गुणावा. डब्यावर १.१५ लिहिले असेल तर तक्त्यातल्या २०,००० फूट-पौंडांऐवजी २३,००० द्यावे लागतात. डोपची कंपनी बदलली की हा हिशेब पुन्हा करावा लागतो, पण पुष्कळ रिगवर जुनाच आकडा भिंतीवर चिकटवलेला आढळतो.

पिन बॉक्समध्ये उतरवणे

वरचा पाईप एलिव्हेटरमध्ये लटकत असताना पिन हळूहळू बॉक्समध्ये उतरवावी. तीनशे किलोंच्या आसपासचा पाईप झुलत येऊन पिनेचे नाक बॉक्सच्या शोल्डरवर आदळले, तर वर केलेली सगळी सफाई फुकट जाते. दोघांनी पाईपला आधार देऊन तो उभा सरळ करावा आणि हात पिनेखाली कधीही नेऊ नये. आटे एकमेकांत बसल्याचे जाणवल्यावर पहिले काही फेरे हळू द्यावेत. जोड सहज फिरत नसेल तर आटे वाकडे लागले आहेत असे समजून उलटा फिरवावा आणि पुन्हा पाहावे, जोर लावू नये. पूर्वी हे फेरे पाईपला साखळी गुंडाळून आणि ती झपाट्याने ओढून देत असत. त्या साखळीने अनेकांची बोटे घेतली, आणि आता बहुतेक ठिकाणी तिच्या जागी स्पिनिंग रेंच (पाईप फिरवणारे यंत्र) आला हे फार चांगले झाले.

टाँगने टॉर्क देणे

फ्लोअरवर दोन टाँग डेरिकमधून तारेवर टांगलेल्या असतात. जोड लावताना खालची टाँग बॉक्सला पकडून तो स्थिर ठेवते. तिच्या मागच्या टोकाची स्नब लाइन एका खांबाला बांधलेली असते. वरची टाँग पिनेच्या टूल जॉईंटला पकडते आणि तिचा दांडा कॅटहेडची, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची, तार ओढते. दोन्ही टाँग नेहमी वापराव्यात. स्लिपनेच खालचा पाईप धरला आहे म्हणून खालची टाँग न लावण्याचा आळस केला, तर पाईप स्लिपमध्ये फिरतो आणि डाय त्यावर आडव्या खाचा पाडतात. उभ्या ओरखड्यापेक्षा आडवी खाच कितीतरी वाईट असते, कारण माळ फिरताना आणि वाकताना तडा तिथूनच सुरू होतो.

टाँगचे जबडे टूल जॉईंटवरच बसवावेत, पाईपच्या पातळ भागावर कधीही नव्हे. शोल्डरपासून थोडे अंतर सोडावे आणि हार्डबँडिंगचा, म्हणजे झीज रोखण्यासाठी चढवलेल्या धातूचा, कडक पट्टा टाळावा, कारण त्यावर डाय रुतत नाहीत आणि टाँग घसरते.

टॉर्क म्हणजे तारेची ओढ गुणिले दांड्याची लांबी. दांडा चार फूट असेल आणि २४,००० फूट-पौंड हवे असतील, तर तार ६,००० पौंडांनी ओढावी लागेल. पण हा हिशेब तार दांड्याशी बरोबर काटकोनात असेल तरच खरा ठरतो. कोन ६० अंशांचा झाला तर तेवढ्याच ओढीने सुमारे २०,८०० फूट-पौंड मिळतात आणि ४५ अंशांवर जेमतेम १७,०००. गेजवरचा आकडा मात्र तिन्ही वेळा ६,०००च दाखवतो. कच्चे जोड बहुतेक असेच लागतात. गेज बरोबर, ड्रिलर दक्ष, पण टाँग चुकीच्या जागी लावलेली. म्हणून शेवटची ओढ देण्याआधी जोड हाताने आवळला गेला की टाँग काढून पुन्हा अशी लावावी, की ओढ पूर्ण होईल तेव्हा तार आणि दांडा काटकोनात येतील. तार जमिनीला समांतरही असली पाहिजे. ती वर किंवा खाली तिरपी असेल तर टाँगची उंची बदलावी.

ओढ सावकाश आणि एकसारखी द्यावी. हिसका दिला की गेजचा काटा क्षणभर उडून आकडा गाठल्यासारखा दिसतो, पण शोल्डरवर तेवढा दाब आलेला नसतो. टॉर्कचा आकडा तक्त्यातून घ्यावा. तक्त्यातला आकडा जोडाच्या पीळ सहन करण्याच्या मर्यादेच्या साधारण ६० टक्के धरून काढलेला असतो, त्यामुळे 'थोडा जास्त दिला तर बरेच' असे म्हणणे योग्य नाही. पिन ताणली जाते, आट्यांचे अंतर बदलते आणि तो जोड पुढे कधीच नीट बसत नाही.

ओढ सुरू होण्याआधी दोन्ही टाँगच्या दांड्यांच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर सगळ्यांनी उभे राहावे आणि प्रत्येक जण बाहेर आहे हे ड्रिलरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ताणलेल्या तारेवरून कोणी ओलांडून जाऊ नये. टाँग लावताना हात दिलेल्या मुठींवरच असावेत. स्नब लाइनची ताकद ओढणाऱ्या तारेपेक्षा जास्त असली पाहिजे आणि तिचे तुटलेले तंतू, सैल क्लिपा आणि खांबाकडची गाठ दर पाळीला तपासावी. स्नब लाइन तुटली तर टाँगचा दांडा माणसाच्या छातीच्या उंचीवरून फिरतो.

आता अनेक रिगवर हे सगळे काम आयर्न रफनेक नावाचे हायड्रॉलिक यंत्र करते. त्यात कोनाची चूक होत नाही आणि माणसे दूर राहतात, हा मोठा लाभ आहे. शोल्डर पुसणे, डोप लावणे, जबडे योग्य जागी बसवणे आणि गेज वेळच्या वेळी तपासून घेणे मात्र त्यातही टळत नाही.

जोड उघडताना काय पाहावे

माळ बाहेर काढताना पिन बॉक्समधून पूर्ण सुटेपर्यंत वर उचलू नये, कारण शेवटचा आटा अडकलेला असतानाच ओढले तर तो सोलून निघतो. स्टँड उभा ठेवताना पिन लाकडी फळीवर टेकवावी, लोखंडावर टेकवू नये. स्टँडमधल्या तीन जोडांपैकी दर फेरीला वेगळा जोड उघडावा, म्हणजे तीन फेऱ्यांत प्रत्येक जोड एकदा तरी उघडला जाऊन पाहिला जातो. नाहीतर मधले दोन जोड महिनोन् महिने न पाहिलेले राहतात.

उघडलेल्या प्रत्येक जोडाकडे दोन क्षण थांबून पाहावे. शोल्डरवर डोपचा थर गोल सगळीकडे अखंड असेल तर जोड नीट बसला होता. त्या थरातून आतून बाहेर गेलेली मडची एखादी रेघ दिसली, किंवा एका बाजूला शोल्डर धुऊन चकचकीत झालेला दिसला, तर तिथून गळती सुरू झाली आहे. असा पाईप पुन्हा माळेत घालू नये. त्याच्या टूल जॉईंटवर रंगाचा पट्टा ओढून तो वेगळ्या रॅकवर आडवा ठेवावा आणि त्याचा क्रमांक, माळेतली जागा व शेवटी दिलेला टॉर्क पाळीच्या नोंदवहीत लिहावा.